रजा कुणाकडे मागायची?

एकट्याने लेकरं वाढवणाऱ्या आईबापांना नोकरीत कोणती रजा मिळते आणि सरकारी योजनांतून काय मिळतं, याची माहिती एका जागी असावी, म्हणून ही पुस्तिका. ती वाशीम जिल्ह्यापुरती लिहिली आहे. यातल्या बहुतेक योजना राज्यभराच्या आणि काही देशभराच्या. मग एका जिल्ह्यासाठी वेगळं पुस्तक कशाला, असं कुणी विचारेल. योजना सगळीकडे सारखी असली, तरी तिच्यापर्यंत पोचायची वाट प्रत्येक जिल्ह्यात निराळी असते. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरून एखादी बाई जिल्ह्याच्या गावी कागद घेऊन आली, की परत घरी जाईपर्यंत दिवस संपलेला असतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयात या बुडालेल्या दिवसाचा हिशेब कुठेही नसतो. पुढच्या प्रकरणांत अर्ज, कागदपत्रं आणि कार्यालयं यांची माहिती येईल. इथे मी त्या दिवसाबद्दलच लिहिणार आहे.

जिल्हा तसा तरुण. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या किंचित आत. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा यांवर सगळं चालतं आणि तेही बहुतांशी पावसाच्या भरवशावर. २०१८ साली नीती आयोगाने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असं गोड नाव दिलं. त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या जोडीला वाशीम आलं. तेव्हापासून इथलं आरोग्य, शिक्षण, शेती, बँकखाती, रस्ते असं बरंच काही मोजलं जातं. एकाच पालकाच्या जिवावर चालणारी घरं किती, हे मात्र त्या मोजणीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१९च्या अहवालात भारतातली ४.५ टक्के घरं एकट्या आया चालवतात असा अंदाज दिला होता, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख घरं. सासरी किंवा माहेरी, दुसऱ्यांच्या चुलीच्या आधाराने राहणाऱ्या एकट्या आया या आकड्यात धरलेल्या नाहीत. आपल्याकडे तर बहुसंख्य जणी तशाच राहतात.

वाशीममध्ये एकल पालक म्हटलं की पहिल्यांदा शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली बाई आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं, त्यांत वाशीम होतं. पण एकटेपणाला इथे आणखीही दारं आहेत. कुणाचा नवरा दारूने गेला, कुणाचा अपघातात, कुणाचा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. कुणी कामासाठी पुण्याला नाहीतर सुरतेला गेला आणि हळूहळू त्याचा फोन लागेनासा झाला. कुणी दुसरं लग्न करून पहिलीला माहेरी धाडली. थोडे बापही आहेत, ज्यांची बायको बाळंतपणात किंवा आजारात गेली. दत्तक घेणारी एकटी स्त्री किंवा लग्नाशिवाय आई झालेली मुलगी, यांची उदाहरणं कमी दिसतात. ती नसतात असं नाही. गावात ती उघडपणे सांगितली जात नाहीत.

आता रजेकडे येऊ. हजेरीपट असेल तिथेच रजा असते, ही तिची मूळ अडचण. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात १९२८ साली कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. या खर्चाचा भार खरं तर बराचसा सरकारने उचलायला हवा, हेही त्यांनी त्याच भाषणात मान्य केलं होतं. १९२९ला कायदा झाला. त्यात मालकाने भत्ता द्यायचा होता, सरकारने नाही. पुढे १९६१चा मातृत्व लाभ कायदा आला. २०१७च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. तीन महिन्यांच्या आतलं मूल दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवडे मिळू लागले. या कायद्यात ‘स्त्री’ असा शब्द आहे, ‘विवाहित स्त्री’ असा नाही. म्हणजे रजा मागणारीला लग्नाचा दाखला विचारण्याचा अधिकार कुणालाही नाही. बाळंतपण झालं, सव्वीस आठवडे संपले, मग पुढची सतरा-अठरा वर्षं काय, याचं उत्तर मात्र हा कायदा देत नाही.

ते उत्तर सरकारी नोकरांपुरतं मिळालं. केंद्र सरकारने २००८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा सुरू केली: संपूर्ण सेवेत ७३० दिवस, दोन मोठ्या अपत्यांसाठी, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. डिसेंबर २०१८मध्ये ती एकट्या बापालाही मिळाली, मग तो विधुर असो, घटस्फोटित असो की अविवाहित. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के. इतर महिला वर्षातून तीन वेळा ही रजा घेऊ शकतात, एकट्या आईला सहा वेळा घेता येते. एका वेळी किमान पाच दिवस मात्र घ्यावी लागते. त्यामुळे लेकराला दोन दिवस ताप आला, तर ही रजा उपयोगाची नाही. तिथे नेहमीची किरकोळ रजाच खर्ची पडते.

महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी, जुलै २०१८मध्ये, आपला निर्णय काढला. इथे १८० दिवस मिळतात आणि एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने घेता येतात. महिला कर्मचाऱ्यांसोबत ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे, असे पुरुष त्यात धरले गेले. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या शिक्षकांना तो लागू आहे. परिणाम असा की वाशीमच्या एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन एकट्या आयांपैकी टपाल खात्याच्या पगारी नोकरीतली बाई ७३० दिवसांची हक्कदार असते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई १८०ची. दोघींच्या लेकरांचं दुखणंखुपणं सारखंच असतं.

शिवाय रजा नियमात असणं आणि मंजूर होणं यात अंतर आहे. दोन-शिक्षकी शाळेत एक बाई दोन महिने रजेवर गेल्या, तर चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. मग मुख्याध्यापकाचा चेहरा पाहूनच अर्ज परत पर्समध्ये जातो. न्यायालयांनी या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट भूमिका घेतली आहे. ऑगस्ट २०२२मध्ये चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुटुंब म्हणजे आई, बाप आणि त्यांची मुलं एवढंच नव्हे. मृत्यू, विभक्तपणा, घटस्फोट अशा कारणांनी एकाच पालकाचं झालेलं घरही कुटुंबच आहे आणि कायद्याने त्याला तितकंच संरक्षण दिलं पाहिजे. एप्रिल २०२४मध्ये हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेचं प्रकरण आलं. तिच्या मुलाला दुर्मीळ आजार होता, वाट्याची रजा संपली होती. बायांचा नोकरीतला सहभाग ही सरकारची मेहेरबानी नसून संविधानाने दिलेली हमी आहे, आणि बालसंगोपन रजेचा विचार त्याच नजरेने झाला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. रजा नाकारली गेली, तर ही दोन प्रकरणं अर्जात नमूद करावीत. पुस्तिकेत पुढे तसा नमुना अर्ज दिलेला आहे.

खाजगी नोकरीचं काय? त्याला फार शब्द खर्चायला नकोत. २०१७चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला आठ किरकोळ रजा देतो आणि काम केलेल्या दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा. बालसंगोपनाची म्हणून वेगळी रजा त्यात नाही. हे आठ दिवससुद्धा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. २०२५मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. वाशीमच्या पाटणी चौकात उभं राहून आजूबाजूला नजर टाका: कपड्यांची दुकानं, कृषी सेवा केंद्रं, दवाखाने, शिकवण्या. वीस माणसं कामाला असलेली पाटी शोधावीच लागेल. अशा ठिकाणी रजा मालकाच्या स्वभावावर असते. काही मालक खरोखर भले असतात, पण कुणाच्या भलेपणाला हक्क म्हणता येत नाही.

आणि बाकीच्या? निंदणाला जाणारी, सोयाबीन सोंगणारी, कापूस वेचणारी? जिल्ह्यातल्या बहुतेक एकट्या आया याच आहेत. आज या वावरात, उद्या त्या. रजा मागावी असा मालकच नसतो. लेकरू आजारी पडलं की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे मिळत नाहीत. सोंगणी आता बरीचशी गुत्त्यानं होते. पाच-सहा बाया मिळून एकराचा दर ठरवतात. त्यांतली एक आली नाही, तर बाकीच्यांवर ओझं पडतं. दोनदा तसं झालं, की तिसऱ्या वेळी तिला कुणी बोलवत नाही. नोकरदार बाईने रजा घेतली तर तिचे दिवस कमी होतात. हिने घेतली तर हंगामच हातातून जातो. कामासाठी बाहेरगावी जायचं तर आणखीच अवघड. जोडपं असेल तर एक जण वीटभट्टीवर जातो आणि एक जण घरी लेकरांपाशी राहतो. एकटीला एकतर लेकरांची शाळा सोडवून त्यांना सोबत न्यावं लागतं, नाहीतर गावातच मिळेल त्या मजुरीवर भागवावं लागतं.

या बाईला मालक मिळाला होता तो एकदाच, आणि तो म्हणजे सरकार. १९७२च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या आणि वि. स. पागे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोजगार हमीचा महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला. वावरात राबणाऱ्या बाईचं नाव प्रथमच हजेरीपटावर चढलं. कामावर सावली, पाणी आणि लेकरं सांभाळायची सोय असावी, हेही नियमात आलं. पुढे देशाच्या कायद्याने ते उचललं. पाच किंवा जास्त लहान मुलं कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं, अशी ती तरतूद. एकट्या आईसाठी याहून कामाची तरतूद मला दुसरी दिसत नाही, कारण तिला रजा नको असते, लेकरू कुणाच्या तरी नजरेखाली आहे एवढा निर्धास्तपणा हवा असतो. ही तरतूद प्रत्यक्ष कामावर फारशी उतरलीच नाही. खड्डे मोजले गेले, पाळणे मोजायची गरज कुणाला वाटली नाही.

बाळंतपणाचंच घ्या. संघटित क्षेत्रात सव्वीस आठवड्यांचा पगार. मजुरी करणाऱ्या बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि ते बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून. रोजगार हमीचा २०२५-२६चा ३१२ रुपयांचा दर धरला, तर ही भरपाई सोळा दिवसांची होते. या योजनेत एक गोष्ट मात्र नीट झाली. आधी अर्जासोबत नवऱ्याचं आधार लागत असे. २०२२च्या सुधारणेत ती अट काढली, एकट्या आयांना लाभ मिळावा म्हणूनच काढली. कुणीतरी कार्यालयात बसून हा विचार केला, याची नोंद घ्यायला हवी.

जिथे रजा नाही तिथे अनुदान, अशी आपली व्यवस्था. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा बायांना जुलै २०२३पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं किंवा वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. यादी २००२च्या पाहणीवरची. तेव्हा जी दुसरी-तिसरीत शिकत होती, ती आज दोन लेकरांची विधवा आई आहे. तिचं स्वतःचं घर त्या यादीत कुठून असणार? उरलं २१,०००. म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयांच्या आत. तेच सरकार रोजगार हमीत २०२५-२६मध्ये दिवसाला ३१२ रुपये देत होतं. शंभर दिवसांची जी हमी कायद्याने दिली होती, ती तिने पुरती वापरली तर ३१,२०० होतात आणि ती ‘निराधार’ राहत नाही. अडुसष्टाव्या दिवशीच ती मर्यादेच्या बाहेर जाते. प्रत्यक्षात तसं कुणी मोजत नाही, दाखला २१,०००चाच निघतो. तलाठ्याला, तहसील कार्यालयाला, अर्ज करणारीला, सगळ्यांना हे ठाऊक असतं. खोटं बोलल्याशिवाय मिळत नाही अशी मदत, हा तिचा अपमान आहे असं मला वाटतं. अर्ज करणारीला असं वाटायला सवड नसते.

२०२४च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबातल्या बायांना महिन्याला १,५०० रुपये. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील, तर हे मिळत नाहीत. म्हणून ज्या विधवेला संजय गांधी योजनेचे पैसे मिळतात, तिला लाडक्या बहिणीचे नाहीत. तिची जाऊ, जिचा नवरा कमावता आहे आणि घरात सगळं आहे, तिलाही तेवढेच १,५००. एकटीने घर ओढण्याचे वेगळे पैसे सरकारच्या हिशेबात शून्य आहेत. त्या योजनेचा उल्लेख मी टीकेसाठी करत नाही, बायांच्या हातात पैसा आला हे चांगलंच झालं. पण २०२५मध्ये तिच्या ई-केवायसीसाठी नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं आणि ज्यांचे दोघंही हयात नव्हते, त्या बाया मोबाइलच्या पडद्यासमोर अडकून बसल्या. नंतर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायची मुभा मिळाली. ‘पुरुष नाही’ हा पर्याय यंत्रणेला आधी सुचत नाही, तक्रार झाल्यावर सुचतो.

मुलाच्या नावाने असलेल्या योजना त्या मानाने शहाण्या आहेत. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देते. पूर्वी ४२५ होते, मग १,१०० झाले, २०२३मध्ये आताचा दर आला. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व ४,००० रुपयांचं आहे, ग्रामीण भागात पालकाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० पर्यंत असेल तर. या योजना आईला ‘तू विधवा की टाकलेली’ असं विचारण्याआधी मुलाला कोण सांभाळतं ते विचारतात. म्हणून बापालाही त्यात जागा आहे. वाशीमच्या खेड्यांत एकटा बाप सहसा वर्षाच्या आत दुसरं लग्न करतो किंवा लेकरं आजीकडे देतो. जो तसं करत नाही, त्याला आपल्यासाठी काही योजना असेल ही कल्पनाही नसते. संजय गांधी योजनेत विधवा आहे, केवळ विधुर म्हणून कुणी नाही. त्याने महिला व बालविकास कार्यालयाची पायरी चढावी. पाटीवरच्या ‘महिला’ या शब्दाला बिचकू नये. गृहचौकशी होते, बालकल्याण समितीपुढे प्रकरण जातं, आदेश निघतो. हप्ते मात्र महिनोन्महिने रखडतात आणि मग सहा-आठ महिन्यांचे एकदम येतात. शाळेची फी असो की किराण्याची उधारी, ती दर महिन्याला येते.

कागदांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळं तिथेच अडतं. नवरा मेला तर मृत्यूचा दाखला मिळतो. नोंद एकवीस दिवसांत करायची. काडीमोड न्यायालयातून झाला तर हुकूमनामा मिळतो. नवऱ्याने नुसतं टाकलं, तर हातात काहीच नसतं. आणि नवरा हरवला तर कायद्याने तो मेला असं मानायला सात वर्षं थांबावं लागतं; तोवर लेकरू पहिलीतून आठवीत जातं. परित्यक्तेचा दाखला मिळायचा तर गावातल्याच माणसांनी तिला टाकलं आहे हे लिहून द्यायचं. सासर त्याच गावात असेल तर ते कुणी सहज लिहून देत नाही. संगमनेरच्या ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हा प्रश्न चळवळीत आणला. त्यांचं ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. कोरोनानंतर अकोल्याच्या हेरंब कुलकर्णींनी (हे अकोलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, आपलं अकोला नव्हे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकल महिलांच्या पुनर्वसनासाठी राज्यभर समित्या उभ्या केल्या, तेव्हा विधवा, टाकलेली, घटस्फोटित या सगळ्या प्रथमच एका रांगेत मोजल्या गेल्या. मुलांच्या कागदांचा प्रश्न काहीसा हलका झाला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे राज्यात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. अविवाहित आईला वडिलांचं नाव उघड न करता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्येच सांगितलं आहे.

आत्महत्येनंतरच्या मदतीचे कागद सर्वांत कठोर. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. २००६ पासून हा आकडा हललेला नाही. त्या वर्षीचं सोन्याचं मोल आणि आजचं, हे वाचकाने स्वतःच ताडून पाहावं. कर्ज सावकाराचं असेल आणि सावकार बिनपरवान्याचा असेल, तर मरण अपात्र. नवरा मेल्यावर पहिले काही महिने कितीतरी घरांत बाईला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो राज्यापुढे ठेवला, पण वऱ्हाडातल्या सासूने काही शासन निर्णय वाचलेला नसतो. याच महिन्यांत चौकशी होते, जबाब होतात, वारसांचा फेरफार होतो, आणि हे सगळं दीर किंवा सासरा करतो. सातबाऱ्यावर तिचं आणि लेकरांचं नाव लागलं की नाही, हे तिला कधीकधी पुढच्या पेरणीला पीककर्ज मागताना कळतं. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर तो जिवंत असेपर्यंत प्रश्न आणखी लांबतो. या पुस्तिकेत फेरफाराचं प्रकरण अनुदानाच्या आधी ठेवलं आहे ते त्यामुळेच. अनुदान उशिरा मिळालं तरी चालेल. वावर एकदा दुसऱ्याच्या नावावर गेलं की परत मिळवायला दिवाणी न्यायालयात अर्धं आयुष्य जातं.

तर आता तो बुडालेला दिवस. संजय गांधीच्या एका अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, मुलांची वयं दाखवणारे कागद लागतात. ते तलाठी, ग्रामसेवक, सेतू, बँक आणि शाळा अशा निरनिराळ्या जागी मिळतात. खिडकीपाशी होणारं बोलणं जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात थोड्याफार फरकाने सारखंच. ‘‘बाई, यावर साहेबांची सही राहिली, उद्या या.’’ ‘‘उद्या सोयाबीन सोंगाले जाचं हाये भाऊ, परवा आली तं चालते का?’’ ‘‘परवा साहेब मीटिंगला आहेत.’’ यात कुणी दुष्ट नाही. कारकुनाला उद्या म्हणजे कॅलेंडरवरची पुढची तारीख. तिला उद्या म्हणजे तीनशे रुपये. एसटीचं तिकीट २०२३पासून बायांना अर्धं झालं, त्याचा फायदा झाला. पण खर्च मुख्यतः तिकिटाचा नव्हताच. लोकसेवा हक्क कायदा २०१५पासून आहे. त्यात कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे. अर्जदाराने किती वेळा यायचं, ते ठरलेलं नाही.

नोकरदार एकल पालकाला आपण वेळ देतो, कारण त्याच्याकडे पगार आहे. मजूर एकल पालकाला थोडे पैसे देतो आणि ते मिळवायला तिचा वेळ घेतो. रजेचं खातं आणि अनुदानाचं खातं मंत्रालयात वेगवेगळ्या मजल्यांवर असेल, घरात ते एकच असतं. या पुस्तिकेत दोन्ही विषय एकत्र आले आहेत ते एवढ्यासाठीच. शिक्षिकेने मजुरिणीचं प्रकरण वाचावं आणि ग्रामसेवकाने दोघींचं.

जाता जाता जिल्हा प्रशासनापुढे एक मागणी ठेवतो, खर्चाची नाही. आपल्याकडे गावोगाव आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते. त्या दिवशी बाया तशाही बाजाराच्या गावी येतात, आठवड्याचा चुकारा घेतात, तेल-मीठ नेतात. एकल पालकांची शिबिरं आणि समाधान मेळावे कार्यालयाच्या सोयीच्या तारखेला न ठेवता त्या त्या गावच्या बाजाराच्या दिवशी ठेवावेत. तलाठी, ग्रामसेवक, सेतूचा माणूस आणि बालसंरक्षण कक्षाचा कर्मचारी एका मांडवात बसवावेत, आणि एका बाईचा अर्ज त्या मांडवातच पूर्ण करून तिला पोच द्यावी. सहा तालुक्यांतल्या बाजारांचे वार शेवटच्या पानावर दिले आहेत.